माझा अनुभव: सिस्टिम कॉलमधून परतताना हरवलेले फ्लॅग

हौसेने ६४ बिटांच्या x86 प्रोसेसरसाठी स्वतःचं छोटं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहायला घेतलं होतं, सांगलीत घरीच, रात्री जेवणं झाल्यावर. बूट, पेजिंग, युजर मोडमध्ये (साध्या प्रोग्रामच्या, मर्यादित अधिकारांच्या मोडमध्ये) पहिली उडी, हे सगळं निभावलं. अडलं ते सिस्टिम कॉलमधून, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे मागितलेल्या कामातून, परतताना. ज्या नमुना कोडवरून सुरुवात केली, त्यात आत शिरण्याची ओळ न् ओळ समजावलेली, आणि परतीला फक्त 'आता सिसरेट करा' (सिसरेट ही युजर मोडमध्ये परतण्याची प्रोसेसरची आज्ञा). त्याचा राग अजून गेलेला नाही.

दोन प्रोग्राम होते. एक ठिपके छापणारा, दुसरा चांदण्या. टायमरच्या इंटरप्टवर (चालू काम मधेच थांबवणाऱ्या इशाऱ्यावर) आलटून पालटून चालायला हवेत. पहिल्याने एकदा सिस्टिम कॉल केला की टायमर गप्प आणि पडद्यावर नुसते ठिपके. हँडलरमध्ये तपासणीसाठी एखादी ओळ वाढवली की दोघेही व्यवस्थित चालायचे, काढली की पुन्हा तेच. कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बदललं तर युजर मोडमध्ये पोचताच १ नंबरचं, म्हणजे डीबगचं एक्सेप्शन. डोकं फिरायची वेळ आली.

शेवटी क्यूएमू या एम्युलेटरच्या मॉनिटरमध्ये रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधले छोटे कप्पे, पाहिले. कॉलआधी फ्लॅग (प्रोसेसरची स्थिती सांगणारे बिट) हेक्समध्ये २०२, म्हणजे ९व्या बिटावरचा इंटरप्ट फ्लॅग चालू. परतल्यावर ४६. इंटरप्ट बंद! कराडच्या मित्राला फोन लावला. त्याने एवढंच विचारलं, "अरे, तुझ्याकडे आर११ कोण सांभाळतंय?"

तिथेच उलगडा झाला. सिसकॉल, म्हणजे कर्नलमध्ये शिरण्याची आज्ञा, स्टॅकवर काहीच ठेवत नाही. परतीचा पत्ता आरसीएक्स रजिस्टरमध्ये, फ्लॅग आर११ रजिस्टरमध्ये, आणि सिसरेट तिथूनच उचलतं. पण सी फंक्शनला आर११ हवं तसं वापरायची मुभा असते. त्यात जो कचरा उरेल तेच युजरचे फ्लॅग होतात. ८वा बिट लागला तर दर आज्ञेनंतर थांबवणारा ट्रॅप फ्लॅग, म्हणून ते डीबग एक्सेप्शन. १२ आणि १३ लागले तर युजर प्रोग्रामला हार्डवेअरचे पोर्ट थेट खुले! एवढी गोष्ट नमुन्यात गाळायची म्हणजे कमाल आहे.

तेव्हा कर्नलच्या स्टॅकवर आलात की सी कोडला हात लावण्याआधी आरसीएक्स आणि आर११ पुश करा. एफमास्क या सिसकॉलच्या सेटिंगच्या रजिस्टरमध्ये जो बिट १ ठेवाल तो आत शिरताना पुसला जातो, राखला जात नाही. मी हेक्स ७०० ठेवलं: ट्रॅप, इंटरप्ट, डिरेक्शन. सिसकॉल स्टॅक बदलत नाही, त्यामुळे सुरुवातीला स्टॅक पॉइंटर युजरचाच असतो, म्हणून इंटरप्ट बंदच हवेत. परततानाही युजरचा स्टॅक लावण्याआधी ते बंद करा.

हो, आणि सिसरेट ६४ बिटांचंच लिहिलंय ना ते आधी बघा. साधं लिहिलं तर ३२ बिटांच्या मोडमध्ये जाऊन पडाल. इंटेलवर आरसीएक्समध्ये नॉन-कॅनॉनिकल (प्रोसेसरच्या नियमात न बसणारा) पत्ता असेल तर फॉल्ट कर्नल मोडमध्येच येतो, तोही युजरच्या स्टॅकवर. २०१२ मध्ये याच छिद्राने बऱ्याच सिस्टिम हादरल्या होत्या. लिनक्स हा पत्ता तपासतं, आणि ट्रॅप किंवा रिझ्यूम फ्लॅग लागलेला असेल तर सिसरेट सोडून आयरेटने, म्हणजे इंटरप्टमधून परतण्याच्या आज्ञेने, परततं. मीही तो दुसरा रस्ता ठेवलाय.

एरर कळवायला लिनक्स आरएएक्समध्ये ऋण आकडा देतं, फ्रीबीएसडी कॅरी फ्लॅग लावतं. मी कॅरी घेतला. जपून ठेवलेल्या आर११चा शून्यावा बिट लावायचा, बस्स. पहिल्याच फटक्यात चाललं.