बटण केशरी केलं, तरी काही फरक पडला नाही

हाताने शिवलेल्या वह्या मी स्वतःच्या साइटवरून विकते. जाहिरातीवर पैसे घातले की माणसं यायची, फोटो बघायची आणि निघून जायची. शंभरातला एखादाच ऑर्डर द्यायचा. साइट ज्यांच्याकडून करून घेतली होती त्यांनी सुचवलं, ‘खरेदी करा’चं हिरवं बटण केशरी करून बघा. निम्म्या लोकांना हिरवं दाखवायचं, निम्म्यांना केशरी, म्हणजे ए-बी टेस्ट. चौथ्या दिवशी केशरी जोरात पुढे होतं आणि मी घरभर सांगत सुटले. दहाव्या दिवशी हिरवं पुढे!

मग गणित मांडलं, जे आधी मांडायला हवं होतं. समजा शंभरात २ जण घेतात आणि बदलामुळे ते २.४ झाले. एवढी वाढ खरोखर झाली असेल तर ती पाचपैकी चार वेळा तरी पकडली जावी आणि ९५ टक्के खात्रीची नेहमीची अट पाळली जावी, असं म्हटलं तर प्रत्येक रंगाला साधारण २१ हजार माणसं दाखवावी लागतात. माझ्या साइटवर तेवढी यायची तर वाट बघत म्हातारी झाले असते. मी जे करत होते ते म्हणजे नाणं चारदा उडवून ‘छापच जास्त पडतो’ म्हणणं. टेस्ट बंद केली. केशरी तसंच ठेवलं, कारण मला ते आवडतं.

आकडे कमी असतील तर मोजण्यापेक्षा बघावं, हे तेव्हा उमगलं. मायक्रोसॉफ्टचं क्लॅरिटी नावाचं फुकट साधन आहे. साइटवर आलेल्या माणसाने कुठे बोट लावलं, कुठवर खाली गेला, कुठे थांबला, ते व्हिडिओसारखं दिसतं. त्याने टाइप केलेली अक्षरं झाकलेली असतात, ते बरंच आहे. साइटवर तशी सूचना टाकली आणि रोज रात्री जेवण झाल्यावर दहा-बारा रेकॉर्डिंग बघायला लागले.

एक तर पाठच झालंय. मोबाइलवरची कुणी व्यक्ती. वही निवडली, कार्टमध्ये टाकली, नाव लिहायला रकान्यावर बोट ठेवलं आणि पान एकदम मोठं होऊन उजवी बाजू पडद्याबाहेर गेली. दोन बोटांनी ते लहान केलं. पुढचा रकाना, परत तेच. असं चार वेळा. (रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली की आयफोन हे आपणहून करतो. माझी १४ होती.) तरीही नेटाने शेवटच्या पानावर पोचली. तिथे पाठवणावळ पहिल्यांदाच दिसली. हालचाल थांबली. मग मागे, परत वहीच्या पानावर, तळापर्यंत खाली, पाठवणावळीबद्दल कुठे काही लिहिलंय का ते शोधत. काहीच नव्हतं. गेली. एवढा खटाटोप करून आलेलं माणूस मी दारातून परत पाठवलं होतं.

कार्ट भरून सोडून देणारे सगळीकडेच असतात. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड इन्स्टिट्यूटने वेगवेगळ्या अभ्यासांची काढलेली सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास आहे, आणि त्यातले बरेच जण नुसते बघायला आलेले असतात. पण ही बाई बघायला आलेली नव्हती. (बाई होती की बुवा, मला काय माहीत, माझ्या डोक्यात ती बाईच आहे.)

अक्षरं मोठी केली. फोनच्या रकान्याला आकड्यांचा कीबोर्ड लावला. पाठवणावळ वहीच्या किमतीखालीच लिहिली. ‘आधी खातं उघडा’ची सक्ती काढली. कूपनचा रकानाही लपवला, कारण तो दिसला की लोक कूपन शोधायला दुसरीकडे जात आणि परत फिरकत नसत.

नंतर मामीला बसवलं. म्हटलं, मामी, एक वही विकत घेऊन दाखव, मी काही बोलणार नाही. तोंड मिटून बसणं हे या सगळ्यातलं सर्वांत कठीण काम. मामी फोटो मोठा करून बघत राहिली. शेवटी म्हणाली, “अगं, ही केवढी आहे? पर्समध्ये मावेल का?” मापं लिहिलेली होती, सेंटिमीटरमध्ये, चौथ्या परिच्छेदात. तिने काही ती वाचली नाहीत. दुसऱ्या दिवशी वही हातात धरून फोटो काढला आणि तोच पहिला लावला.

तेव्हाच जुने मेसेज उपसले. शाईपेनची शाई मागे उमटते का, वही उघडी सपाट राहते का, हेच दोन प्रश्न लोक मला पुन्हा पुन्हा विचारत होते. मी एकेकाला उत्तरं देत बसले होते आणि साइटवर मात्र ‘दर्जेदार कागद’ एवढंच. आता तिथे शाईने लिहिलेल्या पानाची मागची बाजू दाखवली आहे. थोडी उमटते, ती तशीच दिसते.

मध्ये एकदा कन्व्हर्जन रेट, म्हणजे येणाऱ्या शंभरातले किती जण घेतात तो टक्का, दुपटीच्या जवळ गेला. ऑर्डरी मात्र तेवढ्याच. दोन भानगडी निघाल्या. ‘धन्यवाद’चं पान कुणी रिफ्रेश केलं की ॲनॅलिटिक्समध्ये, म्हणजे साइटवरच्या भेटी आणि विक्री मोजणाऱ्या साधनात, नवी विक्री मोजली जात होती, कारण ऑर्डरचा क्रमांक सोबत जात नव्हता. दुसरं, ‘फुकट प्लॅनर’ शोधणाऱ्यांना दिसणारी जाहिरात मी बंद केली होती. न घेणारे येईनासे झाले, म्हणून टक्का वाढला. वही एकही जास्त खपली नव्हती. फक्त जाहिरातीचे पैसे वाचले, तेही काही कमी नाही. तेव्हापासून टक्क्याआधी मी ऑर्डरींची यादी उघडते.

ऑर्डरी वाढल्यात. नेमक्या कशामुळे ते सांगता येणार नाही, कारण पाच-सहा गोष्टी मी एकदमच बदलल्या. शास्त्रशुद्ध माणसं नाक मुरडतील. पान मोठं होत असताना महिनाभर हिशेब ठेवत बसायला मी काही तयार नव्हते.

परवाच्या एका रेकॉर्डिंगमध्ये कुणीतरी ‘वही कधी पोचेल’चं पान तीनदा उघडलं आणि गेलं. तिथे ‘चार ते सात दिवस’ असं लिहिलंय. त्याऐवजी थेट तारीखच दिसावी, तीही बटणाच्या शेजारी, यासाठी या रविवारी बसायचंय.