डी.एड. असून पुन्हा कॉलेजात का बसले?

मंडळाच्या गणपतीत, लेकीच्या पोहण्याच्या क्लासबाहेर, फोनवर वहिनींकडून प्रश्न एकच: "तिकडे डी.एड. होतीस, शिकवत होतीस, मग कॅलिफोर्नियात येऊन अठरा वर्षांच्या पोरांबरोबर कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजात, का बसलीस?" आजवर हसून टाळलं. आता तुम्ही परत विचारलंत म्हणून लिहूनच टाकते.

कारण अगदी कोरडं आहे. इथल्या सरकारी शाळेत वर्ग हवा तर क्रेडेन्शियल, म्हणजे शिकवण्याचा राज्याचा परवाना, लागतं आणि क्रेडेन्शियलला पदवी. माझं डी.एड. बारावीनंतरचं, दोन वर्षांचं. पदवी नाहीच. डी.एड. म्हणजे जिल्हा परिषदेची नोकरी, असा तेव्हा घरोघरी हिशोब होता. मग २०१०ची शिक्षकभरतीची सीईटी झाली आणि भरती वर्षानुवर्षं रखडली. आमच्यातल्या कितीतरी जणी विनाअनुदानित शाळांत मानधनावर राबल्या, मीही. "चांगली नोकरी सोडून गेलीस" म्हणणाऱ्यांनी आधी ते मानधन किती होतं ते विचारावं.

इथे आले ती एच-४वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर बायकोला मिळतो त्या व्हिसावर. नोकरी करता येत नव्हती, शिकता येत होतं. २०१५ नंतर आमच्यापैकी काहींना वर्क परमिट मिळू लागलं, तोवर हातपाय बांधलेलेच. त्यात पैसे. राज्याच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला, म्हणजे अभ्यासाच्या एका श्रेयांकाला, ४६ डॉलर. प्राथमिक शिक्षकांसाठी आखलेली साठ युनिटांची ट्रान्सफर डिग्री केली, की २०१०च्या कायद्यानं कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश. तिथे आणखी साठ युनिटं, की बी.ए. हमी प्रवेशाची असते, घराजवळच्या कॅम्पसची नसते, हे मात्र कुणी ठासून सांगत नाही. मला जवळचा मिळाला. नसता मिळाला तर दोन लहान मुलं घेऊन मी कुठे जाणार होते?

डी.एड.चं एकही युनिट धरलं गेलं नाही. काउन्सेलरबाईंनी कागद चाळले आणि बालविकासाचा कोर्स पुन्हा करा म्हणाल्या. केला. 'ए' मिळाला. राग गेला नाही.

पण तुम्हाला हे ऐकायचं नसतं. लाज वाटली का, ते ऐकायचं असतं. वाटली. सपाटून वाटली.

एका कोर्ससाठी प्राथमिक शाळेच्या वर्गात किमान ४५ तास काढावे लागतात. मला दुसरीचा वर्ग मिळाला. मागे, मुलांच्याच बुटक्या खुर्चीत वही घेऊन बसायचं. मदत करा, शिकवू नका, असं बजावलेलं. त्या दिवशी वजाबाकी चालली होती, ५२ वजा २७. शेजारचा मुलगा वहीतल्या संख्यारेषेवर उड्या मारत होता: २७ पासून ३० पर्यंत तीन, ३० पासून ५० पर्यंत वीस. तिथे अडला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी त्याची पेन्सिल घेतली, उभी मांडणी केली, दशक सुटा केला, बारातून सात घालवले. पोराचा चेहरा खुलला. वर्गाच्या बाई आल्या, वयानं माझ्याहून बऱ्याच लहान. माझी मांडणी खोडरबरानं पुसली आणि मुलाला म्हणाल्या, "तुझं तुला आलंच होतं की." मग मला, तितक्याच गोड आवाजात, "ते आम्ही इतक्यात करत नाही."

सगळ्या वर्गासमोर नाही, फक्त त्या मुलासमोर. ते जास्त लागलं. मधल्या सुट्टीत गाडीत जाऊन बसले. एका खोलीत तिसरी-चौथी एकदम सांभाळलेली, ढीगभर पाठ टाचणं काढलेली मी, आणि माझी वजाबाकी पुसली!

राज्याच्या अभ्यासक्रमात उभ्या वजाबाकीची ठरलेली रीत चौथीत येते, दुसरीत स्थानिक किमतीची समज पक्की करायची, हे नंतर नीट वाचलं. आपला किराणावाला सुटे परत देताना नेमक्या त्याच उड्या मारतो, हेही लक्षात आलं. म्हणून बाई बरोबर होत्या असं मी म्हणेन, याची वाट बघू नका. उभ्या मांडणीनं त्या पोराचं काही बिघडलं नसतं. आणि आता माझ्या दुसरीच्या वर्गात मीही ती शिकवत नाही.

गाडीत बसलेली ती मी म्हणत होते, सोड हे, तुला सगळं येतं. येत होतं, बाई, पण साठ मुलं एका आवाजात बसवायला. चोवीस मुलांत पाच घरभाषा, विशेष गरजा असलेल्या दोघांचे स्वतंत्र शिक्षण आराखडे, पालकांच्या ईमेल, हे कुठे येत होतं? त्यावर ती म्हणते, ते नोकरीवर सहा महिन्यांत शिकले असते, त्यासाठी इतकी वर्षं कशाला? तिथे मी गप्प बसते.

आता "मीही जाऊ का" विचारणाऱ्यांसाठी. भारतातली पदवी असेल तर माझ्या वाटेनं येऊ नका. गुणपत्रिकांचं मान्यताप्राप्त संस्थेकडून मूल्यांकन करून घ्या. इथल्या बॅचलर्सच्या बरोबरीची ठरली तर थेट क्रेडेन्शियल प्रोग्रामला अर्ज करता येतो. तीन वर्षांच्या बी.कॉम.चं मात्र काही ठिकाणी अडतं, तेव्हा नोकरीची गणितं मांडण्याआधी मूल्यांकन. नुसतं डी.एड. असेल तर मला फोन करा, पण शनिवारी. माझं क्रेडेन्शियल अजून प्रिलिमिनरीच, म्हणजे तात्पुरतंच आहे, पाच वर्षांच्या आत इंडक्शन, म्हणजे नव्या शिक्षकांचं नोकरीतलं प्रशिक्षण, पुरं करायचंय आणि त्याचे कागद मी बाकीच्या संध्याकाळी भरत असते.