इंचू

आज दुपारी परळच्या सिग्नलला धाकटी म्हणाली, "आई, तू इंचवतेयस." हसत म्हणाली असती तर मी विसरूनही गेले असते. पण ती समोर बघत म्हणाली.

शब्द बाबांचा. बसच्या स्टिअरिंगमागून इतकी वर्षं लोकांची घाई पाहिली, तिला नावं ठेवल्याशिवाय त्यांना राहवेना. हिरवा लागायच्या आतच मागून हॉर्न देणारा 'हिरवळलेला'. पिवळा दिसताच वेग वाढवणं म्हणजे 'पिवळधाव'. डावीकडे वळणाऱ्यांच्या रांगेतून येऊन सरळ जाणाऱ्यांच्या पुढ्यात घुसतो तो 'डावघुश्या'. घरात हे शब्द इतके रुळले की धाकटीने निबंधात 'पिवळधाव' लिहिलं आणि बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली.

आणि इंचू. दिवा लाल असताना ब्रेकवरचा पाय जरा जरा सैल करत इंच इंच पुढे सरकणारा. बाबांचा खरा राग याच्यावर. म्हणायचे, थांबायची पांढरी रेघ झेब्राच्या अलीकडे उगाच मारलेली नसते. तू झेब्रावर गेलीस की चालणारा माणूस तुला वळसा घालून चौकाच्या मध्यात जातो, आणि तिथे आडव्या रस्त्याची वाहनं अजून चालूच असतात. शिवाय फार पुढे गेलं की आपल्याच बाजूचा दिवा दिसत नाही, मग मागच्याच्या हॉर्नवर विसंबायचं. म्हणजे इंचूच हिरवळलेल्यांना पोसतो. हे मला पाठ आहे. पाठ असूनही आज माझी पुढची चाकं झेब्रावर होती.

आकडा ३८ वर होता. एका हातात एक्स-रेचं मोठं पाकीट आणि दुसऱ्या हातात मास्क लावलेलं पोर, असा एक माणूस बॉनेटला वळसा घालून गेला. काही बोलला नाही. वळताना बॉनेटवर तळवा टेकवला फक्त, अंधारात दाराची चौकट चाचपावी तसा. पोराला त्याने गाडीच्या बाजूला घेतलं आणि स्वतः वाहनांच्या बाजूला झाला.

तेव्हाच ती म्हणाली.

मला आधी रडूच आलं. सकाळपासून मी एकटी धावतेय, तो फोन आला तेव्हापासून पाणीसुद्धा प्यायले नाही, आणि माझं माणूस मला इंचू म्हणतंय? फोनबद्दल आज लिहीत नाही. पण राग तिचा नव्हताच. तो शब्द कायम दुसऱ्यांसाठी होता. बाबा, मी, ती, आम्ही तिघं काचेच्या आत आणि इंचू बाहेर. आज तिने काच खाली केली. बाबा असते तर तेही हेच म्हणाले असते, आणि तिच्यापेक्षा मोठ्याने.

पुढे हिंदमाताला मी सगळ्यांच्या पुढे होते. रेघेमागे थांबले, गिअर न्यूट्रलला टाकला. मागून लगेच पोंऽऽ. याच हिंदमाताला आणि आणखी काही चौकांत मुंबई पोलिसांनी सिग्नलला आवाज मोजणारी यंत्रं लावून पाहिली होती. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. २०२० च्या जानेवारीत त्याचा व्हिडिओ आला तेव्हा बाबांनी तो दिवसभर लावला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. त्या दिवशी किती खूश होते.

"मागचा हिरवळलाय," धाकटी म्हणाली. मग जरा थांबून, "आई, रेघेमागे थांबतो त्याला काय म्हणायचं?"

बाबांनी त्याला शब्द केलाच नव्हता. मी म्हटलं, आपण करू. दादर टीटी गेलं, माटुंगा गेलं. तिने तीन सुचवले, मला एकही पटला नाही. मी एक सुचवला, ती म्हणाली तो भाजीसारखा वाटतो. सायनच्या सिग्नलला बघितलं तर तिला झोप लागली होती. आकडा ६० वर होता. मी पाय ब्रेकवर ठेवून बसून राहिले.