मामा, डूम गेला

आमच्या दाराशेजारी किल्ल्या अडकवायची एक फळी आहे. २०२० साली तिच्यावर किल्ल्या कमी आणि मास्क जास्त लटकत होते. निळे सर्जिकल, कोपऱ्यावरच्या शिंप्याने ब्लाउजपिसाच्या उरलेल्या तुकड्यांतून शिवलेले, धुऊन धुऊन कानाच्या दोऱ्या सैल पडलेले. बाहेर पडताना ज्याच्या हाताला जो लागेल तो त्याचा.

१ जानेवारी २०२१ला सकाळी फोन उघडला. सूर्यफुलं, उगवते सूर्य आणि 'नववर्षाभिनंदन' यांच्या गर्दीत भाच्याची एक ओळ होती : 'मामा, डूम गेला.' मी आधी 'धूम' वाचलं. सिनेमाचं काहीतरी असेल म्हणून पुढे सरकलो, आणि मग थांबलो. 'कधी?' असं विचारलं. उत्तर आलं, 'दोन महिने झाले.'

हा डूम, म्हणजे 'एमएफ डूम' नावाचा रॅपर, मला त्या भाच्यानेच चिकटवला होता. लॉकडाउनमध्ये कांदा चिरण्याचं खातं माझ्याकडे आलं, तेव्हा 'हे ऐक, खाण्यावरच आहे' म्हणून त्याने एक अल्बम पाठवला. 'एमएम फूड', २००४चा. 'एमएफ डूम' या नावातली अक्षरं इकडची तिकडे केली की इंग्रजीत हेच नाव तयार होतं. गाण्यांची नावं तर खानावळीच्या फळ्यावरून उतरवल्यासारखी : गंबो, होकेक्स, कनिशेस. कनिश म्हणजे बटाट्याचं सारण भरलेला न्यूयॉर्कमधला ज्यू लोकांचा पदार्थ, हे ज्ञान मला रॅपमुळे झालं. गाणी अर्थात पदार्थांची नाहीत. पदार्थांच्या आडून तो इतर रॅपर लोकांची सालं काढत असतो. मुखपृष्ठावर तो न्याहारीला बसलाय, चेहऱ्यावर धातूचा मुखवटा, आणि हातातला चमचा तोंडाकडे निघालाय. मुखवटा काही काढलेला नाही. टपरीवर मास्क हनुवटीखाली ओढून चहा पिणारे आम्ही, त्या चित्राकडे मी बराच वेळ बघत बसलो.

त्याचं खरं नाव डॅनियल डुमिले. आडनावातच अर्धा डूम आहे, उरलेला मार्व्हलच्या कॉमिक्समधल्या डॉक्टर डूम या खलनायकाचा. जन्म १९७१चा, लंडनचा. आई त्रिनिदादची, वडील झिम्बाब्वेचे. कुटुंब लहानपणीच न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडला आलं. तिथे धाकट्या भावाबरोबर त्याने 'केएमडी' नावाचा ग्रुप काढला. तेव्हा त्याचं नाव झेव्ह लव्ह एक्स, आणि चेहरा उघडा. १९९१चा त्यांचा पहिला अल्बम खोडकर, पोरकट आणि फार गोड आहे.

१९९३च्या एप्रिलमध्ये भाऊ, डीजे सबरॉक, हायवे ओलांडताना गाडीखाली गेला. वय १९. दुसरा अल्बम तयार होत आला होता. मोठ्या भावाने तो पुरा केला. त्याच्या मुखपृष्ठावर 'सॅम्बो' या काळ्या माणसांची टवाळी करणाऱ्या जुन्या व्यंगचित्राला फाशी दिलेली दाखवली होती. फाशी त्या टवाळीलाच होती. कंपनी घाबरली, अल्बम दाबून ठेवला आणि त्याला मोकळं केलं. भाऊ गेला आणि कामही गेलं. पुढची काही वर्षं तो कुणाला दिसलाच नाही. रात्री मॅनहॅटनच्या रस्त्यांवर भटकायचा, बाकांवर झोपायचा, असं त्यानेच नंतर सांगितलं.

१९९७-९८च्या सुमारास मॅनहॅटनमधल्या न्यूयोरिकन पोएट्स कॅफेत, जिथे कुणीही उठून माइक घ्यावा, तिथे एक माणूस डोक्यावरून बायकांचा नायलॉनचा मोजा ओढून उभा राहिला. तोच हा. मोज्याचा पुढे धातूचा मुखवटा झाला. त्यातला सगळ्यात ओळखीचा 'ग्लॅडिएटर' चित्रपटातल्या शिरस्त्राणाच्या नकलेवरून बेतलेला. १९९९मध्ये या नव्या नावाचा पहिला अल्बम आला. तोंड बघू नका, शब्द ऐका, एवढंच त्याचं म्हणणं. आणि गंमत म्हणजे हा खलनायक स्वतःबद्दल बोलताना 'मी' क्वचितच म्हणतो. 'तो आला, त्याने खाल्लं, तो निघाला.' लहान मूल 'बाळाला भूक लागली' म्हणतं ना, तसं.

शब्द मला निम्मे कळत नाहीत, हे कबूल करतो. पण शाळेत मोरोपंतांनी यमकाचे कान केलेत. डूम यमक ओळीच्या टोकाला ठेवत नाही, ओळभर पेरत जातो. चार-चार अक्षरांचं जुळवतो, आणि आवाज मात्र नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसाचा. २००४च्याच 'मॅडव्हिलनी'त हा आवाज आणखी खाली गेलाय. त्याचीही एक हकिगत आहे. या अल्बमचं संगीत मॅडलिब नावाच्या निर्मात्याचं. त्यातला काही भाग त्याने ब्राझीलमध्ये, साओ पावलोच्या हॉटेलच्या खोलीत केला. सोबत होता एक छोटा टर्नटेबल, गाण्यांचे तुकडे पकडून वाजवणारा एक सॅम्पलर आणि टेपरेकॉर्डर. अल्बम यायच्या वर्षभर आधीच कच्च्या ध्वनिफिती इंटरनेटवर फुटल्या. लोक वैतागून सोडून देतील. यांनीही काही काळ सोडलंच. परत आला तेव्हा डूम तेच शब्द नव्याने म्हणाला, अधिक संथ, अधिक घोगरे. फुटल्याचं सोनं झालं. (याच मॅडलिबने २००७मध्ये आपल्याकडच्या हिंदी सिनेमांच्या तबकड्या कापून-जोडून 'बीट कंडक्टा इन इंडिया' केला. माझ्या बहिणीला मी तो ऐकवला. 'रेकॉर्ड अडकलीय का?' म्हणाली.)

एका बाबतीत मात्र मी त्याच्या बाजूने नाही. २००७पासून काही कार्यक्रमांना त्याने मुखवटा चढवून भलत्याच माणसाला स्टेजवर पाठवलं. तो नुसते ओठ हलवायचा. लोकांनी हुर्यो उडवली. डूमचं म्हणणं असं की मी लेखक, मी दिग्दर्शक, माझ्या पात्राचं सोंग कुणी घ्यायचं ते मी ठरवणार. म्हणणं बिनतोड आहे. तरी तिकिटाचे पैसे मोजलेल्याच्या जागी मी असतो तर मीही ओरडलो असतो.

ज्याने इतकी वर्षं आपली ओळख लपवली, त्याला शेवटी ओळखीच्या कागदांनीच अडवलं. जन्म लंडनचा, वाढलेला न्यूयॉर्कचा, पण अमेरिकेचं नागरिकत्व कधी घेतलंच नाही. २०१०मध्ये युरोपचा दौरा करून परतताना त्याला अमेरिकेत शिरू दिलं नाही. बायको-मुलं तिकडे, आणि हा इंग्लंडमध्ये. जिथे तो फक्त जन्मला होता, तिथे. घरचे नंतर त्याच्याकडे गेले. २०२०च्या ३१ ऑक्टोबरला लीड्समध्ये तो वारला, ४९व्या वर्षी. जगाला कळलं ३१ डिसेंबरला, बायकोने सांगितलं तेव्हा. मधले दोन महिने बाहेर कुणाला पत्ता नव्हता.

त्या सकाळी मी भाच्याला एवढंच लिहिलं, 'डूम वाचला नाही तरी वाजत राहील.' इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. लगेच झापलं त्याने. डूमचं नाव स्मॉलमध्ये लिहायचं नाही, सगळी अक्षरं कॅपिटलच हवीत, गाण्यातच बजावून ठेवलंय म्हणे. मी म्हटलं, मग मराठीत लिहितो. देवनागरीत लहान-मोठी लिपीच नाही. डूम. दोन अक्षरं, दोघांच्या डोक्यावर एकच रेघ.

थोड्या वेळाने उत्तर आलं :

'चालेल मामा. फॉन्ट मोठा कर.'