रोज वीस मिनिटं छीगोंग, त्यातली पाच नुसती उभं राहायची

तीन वर्षं झाली, मी रोज सकाळी छीगोंग करतेय, म्हणजे हळू हालचाली आणि श्वास यांचा जुना चिनी व्यायाम. काही जण किगाँग म्हणतात, पण मूळ चिनी उच्चार छीगोंगच्या जवळचा आहे. छी म्हणजे श्वास, हवा, आपण प्राण म्हणतो ना त्याच्या आसपासचं काहीतरी, आणि गोंग म्हणजे रोज मेहनत करून अंगात मुरवलेलं कसब. मला यातला दुसरा शब्द जास्त जवळचा वाटतो, कारण पहिल्या शब्दावरून लोक लगेच ऊर्जा, लहरी, चमत्कार असं बोलायला लागतात आणि रोज उठून करायचं तेवढं राहून जातं.

मी याकडे वळले ते झोपेसाठी. दिवसभर स्क्रीनसमोर बसून मान आखडलेली, खांदे वर चढलेले, रात्री तीनला जाग आली की पाचपर्यंत डोळे टक्क उघडे. ध्यान करून बघितलं, पण डोळे मिटून बसलं की डोक्यातला कालवा अजूनच वाढायचा आणि मग तेही जमत नाही म्हणून वेगळंच वाईट वाटायचं.

क्लासच्या पहिल्या दिवशी आमच्या बाईंनी एकही हालचाल शिकवली नाही. फक्त उभं राहायला सांगितलं. पाय खांद्याइतके लांब, गुडघे अगदी किंचित सैल, उंच स्टुलावर टेकायच्या बेतात असल्यासारखं माकडहाड खाली सोडलेलं, जिभेचं टोक टाळूला, आणि छातीसमोर मोठा चेंडू धरलाय अशा गोल हातांनी. याला चिनीत झान झुआंग म्हणतात, खांबासारखं उभं राहणं. बघायला सोपं आहे पण दुसऱ्या मिनिटाला मांड्या थरथरायला लागल्या आणि खांद्यांत आग. मग बाई आल्या, माझ्या उजव्या कोपराखाली आपला तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "हाताचं वजन माझ्या हातावर सोड." मी म्हटलं सोडलंय की. त्यांनी हात काढून घेतला, तर माझा हात होता तिथेच, हवेत तसाच ताठ. म्हणजे मी वजन सोडलंच नव्हतं, आणि सोडलं नाहीये हे मला कळतही नव्हतं, आणि माझ्या मते छीगोंगचा सगळा फायदा या एका जागी आहे, आपण कुठे कुठे आवळून धरलंय ते आधी अंगाला कळणं.

बाकी मग श्वासाचं काम. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा श्वास घेतो. हालचाल हळू केली, हात वर जाताना श्वास आत आणि खाली येताना बाहेर असं लयीत घेतलं, की हा आकडा आपोआप खाली येतो, जबरदस्ती करावी लागत नाही. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरासे मंदावतात, व्हेगस नावाचा मोठा मज्जातंतू ते काम करतो, आणि सोडणं लांबलं की शरीराला आता धोका नाही असा निरोप जातो. मनाला शांत हो म्हणून कितीही सांगा, ते ऐकत नाही, पण अंग सैल झालं आणि श्वास पोटापर्यंत उतरला की डोकं मागोमाग येतं. मला तरी असंच झालं. पहिले पाच-सहा आठवडे काही फरक जाणवला नाही, मग एक दिवस लक्षात आलं की रात्री जाग येते पण परत झोप लागते.

उभं राहून झालं की मी बादुआनजिन करते, म्हणजे जरीच्या कापडाचे आठ तुकडे, आठ हालचालींचा संच. चीनमध्ये सोंग राजवटीपासून याचे उल्लेख आहेत, आणि आज शिकवतात तो ठरावीक क्रम तिथल्या सरकारी क्रीडा विभागाने 2003 मध्ये प्रसिद्ध केला. दोन्ही हात आभाळाकडे ढकलणं, धनुष्य ताणणं, घुबडासारखी मान मागे वळवून बघणं (मानेसाठी ही करून बघाच, पण झटका न देता). शेवटची हालचाल माझी सगळ्यात आवडती. टाचा उचलायच्या, क्षणभर थांबायचं आणि अलगद खाली सोडायच्या, असं सात वेळा. टाच जमिनीला लागली की एक बारीक हादरा पाठीच्या कण्यातून वर जातो आणि जबडा सैल असेल तर दातांपर्यंत जाणवतो. मूळ नावात याने शंभर आजार जातात असं म्हटलंय, ते सोडून द्या, पण तो हादरा मात्र खरा आहे.

हे सगळं किती जुनं आहे याचा विचार केला की मला भरून येतं. चीनच्या छांगशा शहराजवळ मावांगदुईला 1973 मध्ये एक थडगं उघडलं, इसवी सनपूर्व 168 मधलं, त्यात रेशमावर काढलेलं एक चित्र मिळालं. 44 माणसं, बायका आणि पुरुष, तरुण आणि म्हातारी, कुणी हात वर ताणलेत, कुणी वाकलंय. अंग आखडतं आणि ते मोकळं करावं लागतं हे त्यांनाही माहीत होतं. छीगोंग हा शब्द मात्र आजच्या अर्थाने 1950 च्या दशकात रूढ झाला, चीनमध्ये छीगोंगचं उपचारकेंद्र चालवणाऱ्या लिऊ ग्वेइझेन यांच्यामुळे, त्यांना स्वतःला पोटाच्या अल्सरचा त्रास होता आणि तो या सरावाने बरा झाला असं ते सांगायचे.

आता एक गोष्ट मला स्पष्ट सांगायचीये. छीगोंगने कॅन्सर बरा होतो, डायबेटिसची गोळी बंद होते असं कुणी सांगितलं तर तिथून उठा. झोप, वयस्कर लोकांचा तोल, थोडंफार ब्लड प्रेशर यावर चांगले परिणाम दिसलेले अभ्यास आहेत, पण त्यातले बरेच लहान आहेत, त्यामुळे औषध चालू ठेवूनच करायचं. बीपी असेल तर श्वास रोखून धरू नका. वाकून उठताना चक्कर येत असेल तर अर्धंच वाका. आणि ज्यांना मानसिक आजाराचा, भास होण्याचा त्रास झालाय त्यांनी तासन्‌तास छी फिरवण्याच्या कल्पनांमध्ये एकट्याने शिरू नये, अतिसरावानंतर असे मानसिक त्रासाचे झटके आल्याची नोंद अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 1994 च्या मॅन्युअलमध्येही आहे. मला वाटतं क्लासमध्ये हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

बाईंचा एक नियम आहे, जेवढं जमतं त्याच्या सत्तर टक्केच करायचं. हात पूर्ण ताणता येत असेल तरी थोडा आधी थांबवायचा. सुरुवातीला मला हा आळस वाटायचा, आता कळतं की उरलेल्या तीस टक्क्यांत आपण दात आवळतो, श्वास धरतो आणि सगळं परत पहिल्यासारखं होतं. शेवटी दोन्ही तळहात बेंबीच्या खाली तीन बोटांवर ठेवून एक मिनिट उभं राहायचं, याला अजिबात फाटा देऊ नका.

मागच्या महिन्यात बाईंनी परत माझ्या उजव्या कोपराखाली हात ठेवला. काही बोलल्या नाहीत, मग हळूच काढून घेतला आणि माझा हात खाली आला, पिकलेलं फळ पडावं तसा. त्या हसल्या आणि दुसऱ्या बाजूला गेल्या. डावा अजून तिथेच राहतो.