कोल्लेरू सरोवराच्या काठावर: आंध्रातली मत्स्यतळी पाहायला जाणाऱ्यांसाठी

मुंबई, पुणे किंवा सोलापूरहून निघाल तर कोणार्क एक्स्प्रेस थेट विजयवाड्याला नेते. तिथून गुडिवाडा, कैकलूर, आकिवीडू, भीमवरम हा पट्टा लोकल गाडीने होतो. तळी पाहायची तर मुक्काम कैकलूरला किंवा भीमवरमला करावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पहाटे सहाच्या आत बांधावर पोचा, कारण जाळं पडतं तेव्हाच मासा हातात घेऊन बघता येतो.

तळ्यात ओळीने बांबू रोवलेले दिसतात. त्यांना भोकं पाडलेली पोती टांगलेली असतात, आत भाताचा कोंडा आणि पेंड. रोहू पोत्याला तोंड लावून खातो. खाद्य वाया जात नाही, खरंच सोयीची पद्धत. पण इथल्या सर्वांत चिवट दुखण्याचं, म्हणजे आर्ग्युलस या माशावरच्या उवेचं, घरही हाच बांबू आहे.

रोहूच्या परांच्या बुडाशी नीट पाहा. पाच-सात मिलिमीटरची, चपटी, पारदर्शक टिकली दिसेल, वर दोन काळे डोळे. नखाने ढकलली की ती आडवी सरकते. मादी अंडी घालायला मासा सोडते आणि बांबू, दगड अशा टणक पृष्ठभागावर ओळीने चिकटवते. बांबू उपसून बघितल्याशिवाय बांधावरून परतू नका. पाण्याखालच्या भागावर पिवळसर-तपकिरी पट्टे असतात, खरवडले तर नखाला खरखरीत लागतात.

औषधाने पोहणारी ऊ मरते, अंडं मरत नाही. उबदार पाण्यात दोन-तीन आठवड्यांत नवी पिल्लं बाहेर पडतात आणि माणूस म्हणतो औषध बनावट होतं. मग मात्रा वाढते, उवेला सवय होते. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिनसारखी औषधं पाण्यातले सूक्ष्म प्राणीही मारतात. कटला माशाचं तर तेच अन्न. ते पाणी सामाईक चारीत सोडलं तर शेजारच्या कोळंबीचा जीव जातो. प्रतिजैविकांचा उवेवर काहीच उपयोग नाही.

म्हणून टिकाऊ उपाय बांबूपासून सुरू होतो. रिकामे बांबू मुद्दाम रोवून ठेवायचे, दर आठ-दहा दिवसांनी उपसून कडक उन्हात पुरते वाळवायचे आणि वाळलेले परत लावायचे. पोत्यांचे बांबूही पाळीपाळीने बदलायचे. आपल्याकडच्या शेततळ्यात बांबू नसला तरी प्लास्टिकच्या कागदावर अंडी बसतात. पीक काढल्यावर कागद ब्रशने घासून उन्हात तापू द्यावा, नाहीतर पुढच्या बीजाला पहिल्या महिन्यातच ऊ लागते.

दुसरं दुखणं म्हणजे लाल व्रणांचा ईयूएस हा रोग, तो बुरशीसारख्या जीवाचा. पाणी १८ ते २२ अंशांवर उतरलं की त्याला जोर येतो. त्यामुळे थंडीआधीच हेक्टरी २०० किलो चुना, म्हणजे एकरी ८०, भिजवून, गार करून सकाळी शिंपडावा. आधी सामू मोजा. तो साडेआठच्या वर असेल तर चुना थांबवा, अमोनिया विषारी होतो. व्रण दिसलेच तर भुवनेश्वरच्या सीफा या मत्स्यसंशोधन संस्थेचं सिफॅक्स हे औषध हेक्टर-मीटरला (हेक्टरमधलं क्षेत्रफळ गुणिले मीटरमधली खोली) १ लिटर. इथे हमखास चूक होते: लोक फक्त क्षेत्रफळ धरतात. एक एकर, दीड मीटर खोली म्हणजे ०.६ हेक्टर-मीटर, म्हणजे ६०० मिलिलिटर.

बांधावर तेलुगूतले चार शब्द कामी येतात: चेप म्हणजे मासा, पेनु म्हणजे ऊ, सुन्नम म्हणजे चुना, उप्पु म्हणजे मीठ. ‘चेप पेनु’ म्हटलं की तळेवाला बोलता होतो.

कोळंबीच्या तळ्यावर न विचारता पाऊल टाकू नका. खेकडे अडवायला खाली जाळीचं कुंपण आणि पक्ष्यांसाठी वर दोऱ्या असतात, कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू खेकडे-पक्ष्यांमार्फतही येतो. दिवसात एकाहून जास्त तळी पाहणार असाल तर कोळंबीची तळी आधी, कार्पची (रोहू-कटल्याची) नंतर. मधे रबरी बूट घासून ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवा, आपलं जाळं नेऊच नका.

बोटुकली, म्हणजे माशाची बोटाएवढी पिल्लं, विकत घ्यायचा मोह होईल. घेतलीच तर वेगळ्या टाकीत किमान दोन आठवडे ठेवा. आधी लिटरला २० ग्रॅम मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवा. एखादी कलंडली की लगेच ताज्या पाण्यात काढा. टाकीतही बांबूचा एक तुकडा उभा करून ठेवा आणि आठव्या दिवशी तो खरवडून बघा.