तुम्ही विचारलंत म्हणून: दुकानाआधी टेबल मांडा

“कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं छोटं दुकान टाकायचंय, सुरुवातीला कोणता माल भरू?” हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की एकदाच सविस्तर लिहितो. माल भरू नका. आधी दुरुस्तीचं टेबल मांडा आणि निदानावर हात बसू द्या. विक्री त्या टेबलावरूनच होते. ज्याचा बंद पडलेला लॅपटॉप तुम्ही खरं काय ते सांगून चालू करून दिलात, तो पुढचं मशीन घ्यायला तुमच्याकडेच येतो. काचेच्या कपाटातली खोकी बघून कुणी येत नाही, कारण त्या खोक्याची किंमत त्याने मोबाइलवर आधीच बघितलेली असते.

साधा हिशेब बघा. नव्या मशीनवर शंभराला पाच सुटतात असं धरा. त्यातलं एक न विकता गळ्यात पडलं, तर त्यात गेलेले पंच्याण्णव भरून काढायला तसलीच आणखी एकोणीस विकावी लागतात. शिवाय प्रोसेसरची नवी पिढी आली की कपाटातल्या जुन्या पिढीला कुणी पूर्ण भाव देत नाही. म्हणून सुरुवातीला रोज खपणारा मालच ठेवा: सीआर२०३२ सेल (मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल), साटा केबल (डिस्क जोडायची), कीबोर्ड-माऊस, दोन-तीन एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), साटा आणि एनव्हीएमई अशा दोन्ही प्रकारच्या काही एसएसडी (साठवणीच्या वेगवान डिस्क), थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची), चालणाऱ्या मॉडेलचे चार-पाच चार्जर. बाकी सगळं मागणीनुसार, आणि खास मागवायच्या पार्टची पूर्ण किंमत आगाऊ घेऊनच.

आता टेबल. खाली अँटिस्टॅटिक मॅट (स्थिर विजेपासून पार्ट वाचवणारी), तिला आणि मनगटपट्ट्याला खरंखुरं अर्थिंग, डोक्यावर चांगला उजेड. फुलीच्या टोकाचे स्क्रूड्रायव्हर पीएच००, पीएच०, पीएच१ आणि पीएच२; चांदणीच्या टोकाचे टॉर्क्स टी५ आणि टी८; मॅकबुकचं झाकण उघडायला पाच पाकळ्यांचा पेंटालोब. कंटिन्युइटीला (वाट सलग आहे का ते तपासताना) बीप देणारा मल्टिमीटर, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, प्लास्टिकचे ओपनर, ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने पंखा वेडावाकडा फिरला की त्याचं बेअरिंग जातं, आणि फिरणारी मोटर उलटा करंट बोर्डात, म्हणजे मदरबोर्डात, ढकलू शकते. तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग स्टेशन पहिल्या दिवसापासून असावं, डीसी जॅक (चार्जर लावायची जागा) बदलायला तेवढं पुरतं. हॉट एअर (गरम हवेने चिप सोडवायचं यंत्र) आणि बायोस प्रोग्रॅमर (मशीन सुरू करणारा बायोस हा प्रोग्रॅम चिपमध्ये भरायचं यंत्र) नंतर घ्या. घ्याल तेव्हा हे लक्षात ठेवा की बऱ्याच नव्या बोर्डांवरची बायोस चिप १.८ व्होल्टची असते. ती ३.३ व्होल्टच्या प्रोग्रॅमरला थेट लावली तर जळू शकते, मध्ये अडॅप्टर लागतो. चिप लेव्हलचं (बोर्डावरच्या चिपा बदलायचं) काम पहिलं वर्षभर जाणकाराकडून करून घेतलेलं बरं. त्यात कमीपणा काहीच नाही.

हत्यारांपेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे टेस्टिंगचे पार्ट. चालू आहे याची शंभर टक्के खात्री असलेला एक एसएमपीएस, डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ यांची डेस्कटॉपची आणि लॅपटॉपची एकेक रॅम, एक साधं ग्राफिक्स कार्ड, विंडोज टाकलेली एक एसएसडी, एक मॉनिटर, एक यूएसबी कीबोर्ड. आणि व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून वेगवेगळ्या सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) घातलेला पेनड्राइव्ह, ज्यात विंडोजच्या, लिनक्सच्या आणि रॅम तपासायच्या मेमटेस्टच्या फाइली एकत्र राहतात. या सगळ्यांवर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्या आणि ते कधीही विकू नका. घाईत ठिपक्याची रॅम गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये गेली की दुसऱ्या दिवशीपासून तुमचं निदान अंदाजावर चालतं.

निदान म्हणजे काय ते एका तक्रारीवरून सांगतो: “पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही.” ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार, आणि याच ठिकाणी नवखा माणूस “बोर्ड गेला” असं सांगून मोकळा होतो. आधी मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते बघा. ग्राफिक्स कार्ड असताना केबल बोर्डाच्या पोर्टला लावलेली असते, किंवा इंटेलचा नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर असतो. त्यात ग्राफिक्स (चित्र तयार करणारा भाग) नसतंच, म्हणजे कार्डाशिवाय चित्र यायचं नाही. मग प्रोसेसरच्या शेजारचा चार किंवा आठ पिनांचा १२ व्होल्टचा कनेक्टर दाबून बघा. तो निसटला असेल तरी पंखे मजेत फिरतात. यानंतर रॅम काढा, सोनेरी पट्टी खोडरबराने हलकेच घासून अल्कोहोलने पुसा, आणि एकच रॅम एकेका स्लॉटमध्ये लावून बघा. डीडीआर५ च्या बोर्डावर रॅम बदलल्यानंतरच्या पहिल्या सुरुवातीला बोर्ड मेमरी ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी जुळवून घेतो. त्यात काही मिनिटं पडदा काळाच राहू शकतो. तेवढ्यात घाबरून बटण दाबलं की पुन्हा पहिल्यापासून.

तरी आलं नाही तर प्लग काढून सीआर२०३२ सेल काढा, बायोस रिसेट करा, सेल मोजा. नवा सेल तीन व्होल्टच्या जरा वर दाखवतो, पार उतरलेला असेल तर बदला. पुढे एसएमपीएस. २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार काळ्या तारेला जोडली की एसएमपीएस एकटा चालू होतो. पण पंखा फिरला म्हणजे तो चांगला, असं मानू नका. लोड नसताना आजारी एसएमपीएससुद्धा बरोबर आकडे दाखवतो. बोर्डाला जोडून, मशीन चालू ठेवून, कनेक्टरच्या मागून प्रोब घालून मोजा. पिवळी तार ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी साधारण ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यांच्यात हवी. पाच टक्क्यांच्या बाहेर गेलं की एसएमपीएस बदला.

एवढं करूनही चित्र नाही, तर बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवा आणि फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम व एसएमपीएस एवढ्यावर चालवा. बाहेर चालला आणि आत चालत नसेल, तर बोर्डाखाली बहुतेक एखादा जास्तीचा स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा छोटा खुंटा) राहिलेला असतो. तो बोर्डाच्या मागच्या सोल्डरला टेकून शॉर्ट करतो. कूलर काढताना एएमडीच्या एएम४ सॉकेटवर सरळ ओढू नका. पेस्ट घट्ट झालेली असते, प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटला जातो आणि पिना वाकतात. मशीन चालू होत असेल तर पाच-दहा मिनिटं तापू द्या, बंद करा, मग कूलर डावी-उजवीकडे पिळत सोडवा. या सगळ्याला अर्धा-पाऊण तास लागतो. त्या वेळेचे पैसे घ्यायचेच, दुरुस्ती झाली नाही तरीही. तपासणी फी मशीन घेतानाच सांगा आणि काम केलं तर ती मजुरीत वळती करा.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी. उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. बॅटरी लावलेली असताना डिस्प्लेची केबल काढली-घातली की बोर्डावरचा बॅकलाइटचा (पडद्यामागच्या उजेडाचा) फ्यूज उडू शकतो, मग नव्या स्क्रीनवरही चित्र टॉर्च मारूनच दिसतं. स्क्रूंचं तर मी पुन्हापुन्हा सांगतो. एकाच झाकणाला तीन मिलिमीटरचे आणि आठ मिलिमीटरचे स्क्रू असतात. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तो वरच्या प्लास्टिकला फोड आणतो किंवा बोर्डाच्या थरात घुसून आतल्या वाटा तोडतो. पुठ्ठ्यावर लॅपटॉपची आकृती काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच जागी टोचून ठेवा. फुगलेली बॅटरी दाबू नका, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू सोडवा आणि जळू शकणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा. पाणी सांडलेला लॅपटॉप “वाळला की चालू करून बघू” म्हणणाऱ्याला आधी थांबवा. पाणी वाळतं, पण त्यातले क्षार राहतात, आणि करंट मिळाला की गंज बोर्ड खातो.

डेटाबद्दल मला मनापासून सांगायचंय. बोर्ड बदलता येतो, पण लेकराचे पहिल्या वर्षाचे फोटो दुकानात विकत मिळत नाहीत. म्हणून फॉरमॅट मारण्याआधी “काय काय जपायचं आहे” हे तोंडी विचारा आणि लिहूनही घ्या. हार्डडिस्क अडकत असेल तर आधी तिचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघा. रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा (बिघडलेल्या किंवा संशयित जागांचा) आकडा वाढत असेल तर त्या डिस्कवर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवू नका, ते मरणाऱ्या डिस्कला पळायला लावणं आहे. डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने तेवढ्या किंवा मोठ्या डिस्कवर नक्कल काढा. ते आधी सोपा भाग वाचतं, अडलेल्या जागांची नोंद ठेवतं आणि त्यांच्याकडे नंतर परत येतं. मग जे करायचं ते नकलेवर करा. डिस्क टकटक वाजत असेल तर वीज तोडा आणि डेटा रिकव्हरीची स्वच्छ खोली असलेल्यांकडे पाठवा. एसएसडीवरून पुसलेलं परत आणायचं वचन देऊ नका. ट्रिम (काय पुसलं ते एसएसडीला कळवणारी सोय) चालू असलं की पुसलेली जागा एसएसडी स्वतःच मोकळी करून टाकते. आणि बायोस अपडेट किंवा बोर्ड बदलण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप घालणारं एन्क्रिप्शन) बघा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं, आणि बोर्ड बदलला की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा गिऱ्हाइकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. काम सुरू करायच्या आधी ती त्याच्याकडून काढून घ्या. त्याचे फोल्डर उघडून बघायचे नाहीत, हे मदतनिसालाही पहिल्या दिवशीच बजावा.

भांडणं होतात ती मशीन घेताना केलेल्या घाईमुळे. जॉबशीटवर (मशीन घेताना भरायच्या कागदावर) मशीनचा सीरियल नंबर, आतली रॅम आणि डिस्क किती, सोबत चार्जर-बॅग काय आलं, आधीच्या चिरा आणि तुटलेलं हिंज (झाकणाची बिजागरी), आणि तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत, एवढं लिहा आणि सही घ्या. मशीन त्याच्यासमोर चालू करून बघा, चारी बाजूंनी फोटो काढा. “माझ्यात सोळा जीबी रॅम होती” याचं उत्तर त्या कागदातच असतं. किती दिवस न नेल्यास काय करणार, तेही त्याच कागदावर छापून ठेवा.

विक्रीकडे याल तेव्हा वॉरंटीची फट सांभाळा. काही पुरवठादार तुमच्या खरेदीच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही गिऱ्हाइकाला विक्रीच्या तारखेपासून देता. माल चार महिने कपाटात पडून राहिला तर शेवटचे चार महिने तुमच्या खिशातून जातात. त्यामुळे प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर, खरेदीची तारीख, विक्रीची तारीख एका वहीत किंवा शीटमध्ये हवी. स्वस्तात मिळालेल्या पेनड्राइव्ह आणि एसएसडी पूर्ण भरून, परत वाचून तपासा. खोटी क्षमता लिहिलेला माल बाजारात असतो, आणि तो आतल्या खऱ्या क्षमतेपर्यंतच बिनतक्रार चालतो. जुने लॅपटॉप घेताना विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून मूळ आणि सध्याची क्षमता शेजारी ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे जुनं मशीन विकण्याआधी ते ११ वर अधिकृतपणे जातं का हे बघून तसं बिलावर लिहा. क्रॅक केलेलं विंडोज टाकून देऊ नका, गिऱ्हाईक कितीही गळ घालो. ते अ‍ॅक्टिव्हेटर अँटिव्हायरस बंद करायला लावतात, आणि त्यातून काय आत आलं याची जबाबदारी शेवटी तुमच्या नावावर येते. पैसे नसतील त्याला लिनक्स टाकून द्या आणि दहा मिनिटं शिकवा.

मशीन परत देण्याआधी तासभर चालवा. प्रत्येक यूएसबी पोर्ट, वायफाय, कॅमेरा, स्पीकर, चार्जिंग, कीबोर्डची प्रत्येक की बघा, तुम्ही हात लावला नसला तरीही. गिऱ्हाइकासमोर सुरू करून त्याचीच एखादी फाइल उघडायला लावा. काढलेला जुना पार्ट पिशवीत घालून सोबत द्या, आणि बिलावर तपासणी, मजुरी आणि पार्ट या तीन ओळी वेगवेगळ्या लिहा. फुगलेली बॅटरी मात्र त्याला दाखवून तुमच्याकडेच ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे पाठवा.